शेजार

माझे वडील, अण्णा, इंग्लंडला एकदाच आले, २००३ च्या उन्हाळ्यात. लंडन पाहिलं ते माझ्या आग्रहाखातर. बकिंगहॅम राजवाड्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि "चल आता" म्हणाले. पण डॉनिंग्टनचं मोटार शर्यतींचं संग्रहालय त्यांनी दोनदा पाहिलं. पहिल्या दिवशी दारं लावायची वेळ झाली तेव्हा ते एका इंजिनापुढे उकिडवे बसले होते. गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणाले, "निम्मं बी झालं न्हाई बघून. परवा परत येऊया." अख्ख्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही त्यांतली एक.

२०१८ च्या ऑक्टोबरात बातमी वाचली, की हे संग्रहालय पंचेचाळीस वर्षांनी, ५ नोव्हेंबरला, कायमचं बंद होणार आहे. अण्णांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तरी मनात पहिला विचार आला तो त्यांना कळवायला हवं असाच. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. ५ तारखेला धनत्रयोदशी होती. आदल्या दिवशी रविवार, वसुबारस. त्या रविवारी सकाळी मी डर्बीहून एकटाच निघालो.

डॉनिंग्टन आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत. शर्यतीचा मार्ग ईस्ट मिडलंड्स विमानतळाला अगदी खेटून आहे. विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजावीत. संग्रहालयाच्या बाहेर हुआन मॅन्युएल फँजिओ आणि आयर्टन सेन्ना यांचा पुतळा होता, दोघं एकत्र उभे असलेला. इमारत बैठी, साधी, एखाद्या एमआयडीसीतल्या शेडसारखी. आत पाच दालनं. भरभराटीच्या दिवसांत इथं सव्वाशेहून जास्त शर्यतीच्या गाड्या होत्या.

आत शिरताच तो वास आला. जुनं तेल, रबर, चामडं आणि थंड धातू यांचा मिळून एक वास असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. आमचं दुकान तिथंच होतं. दोन लेथ, एक ड्रिल, भट्टी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. अण्णा बेरिंग भरायचे. हे काम आता कुणाला सांगून कळत नाही, म्हणून नीट सांगतो.

इंजिनाचा क्रँकशाफ्ट ज्या बेरिंगमध्ये फिरतो, त्याला पूर्वी आतून व्हाइट मेटलचा थर ओतावा लागे. शिसं, कथील वगैरेंचा तो मऊ मिश्रधातू. वितळवून ओतला, लेथवर कातून घेतला, की खरं काम सुरू व्हायचं. शाफ्टला निळा रंग पुसटसा लावायचा, बेरिंगमध्ये ठेवून हलकेच फिरवायचा आणि उचलायचा. जिथं धातू उंच, तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळा लावायचा, पुन्हा फिरवायचा. असं करत करत सगळ्या पृष्ठभागावर बारीक निळे ठिपके सारखे पसरले, की बेरिंग बसलं. एका बेरिंगला अख्खा दिवस जाई. हंगामात गुऱ्हाळाचं इंजिन बंद पडलं, की शेतकरी रात्री अपरात्री दार वाजवायचे. काहिलीत रस उकळत असायचा आणि अण्णा कंदिलाच्या उजेडात ठिपके बघत बसायचे.

गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की ते एक वाक्य हमखास म्हणत. "नुसतं बेरिंग बदलून भागत न्हाई. बेरिंग का गेलं ते त्याच्या शेजाऱ्याला विचारावं लागतंय." म्हणजे तेलाच्या पंपाला, फिल्टरला, शाफ्टला. इंजिनात कुठलाच भाग एकटा बिघडत नाही, हे त्यांचं साऱ्या आयुष्याचं शहाणपण होतं. मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पुष्कळ सूत्रं शिकलो, पण नोकरीत उपयोगी पडलं ते हेच.

त्या दिवशी ते उकिडवे बसले होते ते बीआरएमच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनापुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं ठरवलं, की आपल्या देशाची म्हणून एक शर्यतीची गाडी हवी. तीच ही बीआरएम. रेमंड मेज हा जुना शर्यतपटू त्यासाठी कारखान्याकारखान्यांत फिरला. कुणी पैसे दिले, कुणी सुटे भाग दिले, कुणी कारागीर दिले. दीड लिटरचं इंजिन, त्यात सोळा सिलिंडर. म्हणजे एकेक सिलिंडर शंभर सीसीहूनही लहान, अण्णांच्या बजाज स्कूटरच्या सिलिंडरपेक्षाही छोटा. त्यात हवा कोंबणारा सुपरचार्जर आमच्या डर्बीच्या रोल्स-रॉइसनं केलेला. ऑगस्ट १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला ही गाडी प्रथम शर्यतीला उभी राहिली. निशाण पडलं, गाडीला हिसका बसला, आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडाच तुटला. गाडी जागची हलली नाही. चिडलेल्या लोकांनी तिच्यात पेन्या फेकल्या.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. बराच वेळ इंजिनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ज्यानं हे बांधलं त्याला त्या दिवशी जेवान गेलं नसंल."

बीआरएमच्या शेजारी त्या काळातल्या दुसऱ्या गाड्या होत्या, आणि त्यांची गोष्ट बीआरएमशिवाय पुरी होत नव्हती. एप्रिल १९५२ मध्ये इटलीत तुरीनला शर्यत होती. तिथं बीआरएम आलीच नाही. फेरारीला टक्कर द्यायला दुसरं कुणीच उरलं नाही, तेव्हा आयोजकांनी त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या शर्यती छोट्या, दोन लिटरच्या गाड्यांसाठी ठेवल्या. त्या नियमात चपखल बसणारी गाडी फेरारीकडे तयार होती, फेरारी ५००. अल्बर्टो अस्कारीनं तिच्यावर दोन्ही वर्षं अजिंक्यपद मिळवलं. अण्णा आले तेव्हा अस्कारीची फेरारी ५०० या संग्रहात होती. छोटी, सरळ, कुठंही जास्तीचं काही नसलेली लाल गाडी. एक गाडी शर्यतीला आली नाही म्हणून दुसरीला राज्य मिळालं, आणि पन्नास वर्षांनी त्या दोघी एका छपराखाली मुक्कामाला होत्या.

मग आम्ही हिरव्या गाड्यांपाशी आलो. व्हॅनवॉल. लांब, उंच पाठीची, थेंबासारखी निमुळती. अण्णांना इंग्रजी वाचायला वेळ लागे, पण फलकावरचं एक नाव त्यांनी आपणहून वाचलं आणि माझा दंड धरला. "आरं, व्हँडरवेल! ह्यो तर आपला बेरिंगवाला की रं!"

मला आधी कळेना. मग आठवलं. दुकानातल्या मांडणीवर विलायती इंजिनांच्या बेरिंगची खोकी असत. त्यांवर हे नाव होतं. टोनी व्हँडरवेल हा लंडनचा कारखानदार. १९३० च्या दशकात त्यानं एका अमेरिकन कंपनीकडून पातळ पत्र्याच्या बेरिंग शेलचा परवाना आणला. पोलादी पत्र्यावर बेरिंगचा थर आधीच चढवलेला, माप कारखान्यातच पक्कं केलेलं. ओतायचं नाही, निळा लावायचा नाही, खरवडायचं नाही. जुना शेल काढायचा, नवा बसवायचा. जगभरच्या मिस्त्र्यांचा दिवसाचा धंदा त्यानं अर्ध्या तासावर आणला. त्याच धंद्यातून आलेल्या पैशावर त्यानं शर्यतीची गाडी बांधली. 'थिनवॉल' हे बेरिंगचं नाव आणि व्हँडरवेल हे आडनाव मिळून व्हॅनवॉल.

आणि हा व्हँडरवेल आधी कुठं होता? बीआरएमच्याच पाठीराख्यांच्या समितीत. समितीच्या बैठका, ठराव आणि दिरंगाई यांना वैतागून तो बाहेर पडला. सरळ फेरारीची गाडी विकत घेतली, तिच्यात फेरफार केले, ती 'थिनवॉल स्पेशल' या नावानं पळवली, आणि मग स्वतःची गाडी बांधायला बसला. इंजिनाची मूळ कल्पना नॉर्टन मोटारसायकलच्या इंजिनावरून, सांगाडा कॉलिन चॅपमननं आखलेला, वरचा आकार फ्रँक कॉस्टिननं दिलेला. जुलै १९५७ मध्ये एंट्रीच्या मार्गावर टोनी ब्रुक्स आणि स्टर्लिंग मॉस यांनी एकच व्हॅनवॉल आळीपाळीनं चालवून ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची शर्यत ब्रिटिश गाडीनं जिंकण्याची ती पहिली वेळ. १९५८ मध्ये व्हॅनवॉलनं सहा शर्यती जिंकल्या. गाडी बनवणाऱ्यांचं अजिंक्यपद त्याच वर्षी सुरू झालं होतं आणि ते पहिल्यांदा तिनंच घेतलं. पण त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत, मोरोक्कोत, तिचा तरुण चालक स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि सहा दिवसांनी गेला. व्हँडरवेल त्यातून सावरला नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्यानं पूर्ण वेळ शर्यतीत उतरणं सोडलं.

ज्या माणसाच्या शेलनं अण्णांची कला हळूहळू निकामी केली, त्याच्या गाडीपुढे अण्णा हात मागे बांधून उभे होते. मला वाटलं, यांना वाईट वाटेल. तर ते वाकून गाडीच्या अंगावरची रिव्हेटांची रांग बघत होते. एका बाजूनं डोळा लावून रेषा सरळ आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "काम चोख हाय. पोरासाठी माणूस रडला म्हंतोस म्हंजे मनानं बी चोखच असणार."

पंधरा वर्षांनी मी त्याच ठिकाणी उभा होतो. व्हॅनवॉलच्या नाकाजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, पत्र्याला एक छोटासा पोचा होता. बोटाच्या पेराएवढा. हिरव्या रंगाखालून तो उजेडात जरासा चमकत होता. कुठल्या शर्यतीतला, की नुसता गाडी हलवताना लागलेला, सांगता येत नाही. तो पोचा पहिल्या वेळी मी पाहिला नव्हता. जायचा दिवस आल्यावर माणूस असं बारीक बघतो. आमचं दुकान रिकामं केलं तेव्हाही मला प्रथमच दिसलं होतं, की लेथसमोरची फरशी अण्णांच्या दोन पावलांपुरती खोलगट झाली आहे.

दालनांत काही जागा रिकाम्या होत्या. घर मोडताना भिंतीवर जसे फोटोंचे चौकोन उरतात तशा. गर्दी बरीच होती, पण आवाज नव्हता. लोक एकमेकांना वाट देत होते. वडीलधारी माणसं एकेका गाडीपाशी थांबून नातवंडांना काही सांगत होती आणि मुलं ऐकत होती.

हे सगळं उभं केलं ते टॉम व्हीटक्रॉफ्ट या एका माणसानं. जन्म १९२२ चा. घरं बांधण्याचा व्यवसाय. युद्धात रणगाडा चालवलेला. युद्धापूर्वी याच डॉनिंग्टनच्या बागेतून शर्यती होत, शेतवाडीच्या इमारतींमधून आणि दगडी पुलाखालून. टॉमनं त्या पोरवयात पाहिल्या होत्या. १९३७ साली जर्मनीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन इथं आल्या आणि बर्न्ड रोझमायर जिंकला. त्याच शर्यतीत सयामचा राजपुत्र बिरा धावला होता. या बिरानं पुढे आपल्या एका ईआरए गाडीचं नाव ठेवलं होतं 'हनुमान'. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला, जणू गावाकडचं कुणी भेटलं. ती गाडी इथं नव्हती, तरी दिवसभर ते तिच्याबद्दल विचारत राहिले.

१९३८ ची शर्यत १ ऑक्टोबरला व्हायची होती. म्युनिकच्या पेचप्रसंगानं युद्ध तोंडाशी आलं आणि जर्मन पथकं आवराआवर करून माघारी फिरली. करार झाला, तशी तीच पथकं परत आली आणि २२ ऑक्टोबरला शर्यत झाली. सरावात टाझिओ नुव्होलारीच्या ऑटो युनियनला बागेतलं हरीण आडवं आलं. तो जखमी झाला, पण शर्यत त्यानंच जिंकली. पुढच्या वर्षी सैन्यानं बाग ताब्यात घेतली आणि जिथं गाड्या धावल्या तिथं लष्करी वाहनांच्या रांगा लागल्या.

सैन्य गेल्यावर त्या मार्गावर गवत वाढलं. १९७१ मध्ये टॉमनं ती जागा एक लाख पौंडांना विकत घेतली. आधी, १९७३ च्या मार्चमध्ये, हे संग्रहालय उघडलं. शर्यतीचा मार्ग पुन्हा सुरू व्हायला १९७७ उजाडलं. आणि १९९३ च्या ईस्टरला, ११ एप्रिलला, पोरवयापासूनचं त्याचं स्वप्न पुरं झालं. इथं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. भर पावसात सेन्ना पहिल्या वळणाआधी पाचव्या क्रमांकावर होता. एक फेरी पुरी झाली तेव्हा पहिला. शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रॉस्ट, एकामागून एक सगळे मागे पडले होते. शर्यतीचं वेड असलेली माणसं त्या एका फेरीबद्दल अजूनही आवाज खाली आणून बोलतात.

पण टॉमच्या आयुष्याची खूण माझ्या मते ती फेरी नाही. ती आहे १९७३ च्या जुलैची.

रॉजर विल्यमसन हा जवळच्याच ॲशबी-डी-ला-झूशचा मुलगा. टॉमनं त्याला हाताशी धरलं, गाड्या घेऊन दिल्या, मुलासारखं वागवलं. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत तो १९७१ आणि १९७२, दोन्ही वर्षं चमकला. संग्रहालय उघडून चार महिने झाले होते तेव्हा त्याला फॉर्म्युला वनची गाडी मिळाली. दुसरीच शर्यत, २९ जुलैला, हॉलंडमध्ये झांडफोर्टला. त्याची गाडी उलटली आणि पेटली. तो आत अडकला होता, जिवंत होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकानं आपली शर्यत सोडून दिली, धावत जाऊन एकट्यानं ती जळती गाडी उलटवायचा प्रयत्न केला, अग्निशामक घेऊन मारला. तिथल्या माणसांकडे आगीत शिरायचे कपडे नव्हते. शर्यत थांबली नाही. इतर गाड्या त्या धुरातून जात राहिल्या. टॉम त्या दिवशी तिथंच होता. रॉजर पंचवीस वर्षांचा होता. पर्लीला पुढे जॉर्ज मेडल मिळालं.

ज्या माणसानं हे पाहिलं तो शर्यतीचं नावही पुन्हा काढणार नाही, असं वाटावं. टॉमनं नुकतंच उघडलेलं संग्रहालय मिटलं नाही. उलट पुढची छत्तीस वर्षं तो गाड्या जमवत राहिला, वाढवत राहिला. २००३ मध्ये, तीस वर्षांनी, डॉनिंग्टनला रॉजरचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. अण्णांनी तो नवा असताना पाहिला. त्याच्यापुढे त्यांनी पायांतल्या चपला काढल्या होत्या. आजूबाजूच्या गोऱ्या माणसांना ते कळलं नसेल, मला कळलं. तरुण पोर गेलं, की त्याच्या खुणेशी माणसं असंच वागतात.

३१ ऑक्टोबर २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, टॉम गेला. संग्रह त्याचा मुलगा केव्हिन याच्याकडे आला. त्याला ओढ युद्धातल्या वाहनांची, आणि त्याचा स्वतःचा संग्रह त्या क्षेत्रात जगातल्या मोठ्यांपैकी आहे. बापानं एका वेडापायी मांडलेला संसार मुलानं त्याच वेडानं चालवावा, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः उद्यमनगरातलं दुकान चालवलं नाही. केव्हिननं वडिलांमागे नऊ वर्षं दारं उघडी ठेवली. मी एक वर्षही ठेवली नव्हती.

शेवटच्या दालनाकडे जाताना मला आठवण झाली चार चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांची. या संग्रहाचा तो मला सर्वांत आवडलेला कोपरा. १९६९ साली चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना वाटलं, की ताकद चारही चाकांना दिली म्हणजे पकड वाढेल. लोटसनं केली, मात्रानं केली, मॅकलारेननं केली, कॉसवर्थनं केली. गाड्या जड झाल्या, सुकाणू ऐकेनात. त्याच सुमाराला पंख आले, रुंद टायर आले, आणि प्रश्न दुसऱ्याच वाटेनं सुटला. त्या सगळ्या गाड्यांना मिळून अजिंक्यपदाच्या शर्यतीत एकच गुण मिळाला, कॅनडात, सहाव्या क्रमांकाचा. कॉसवर्थची तर शर्यतीत कधी उतरलीच नाही. टॉमनं त्या हरलेल्या गाड्या जिंकलेल्या गाड्यांइतक्याच मानानं ठेवल्या होत्या. अण्णा चकित झाले होते. "चुकलेलं काम बी जपून ठेवलंय व्हय!" मग थोडं चालून गेल्यावर, "मग बरोबर हाय. चुकलेलं बघितल्याबगार जमलेलं कळायचं कसं?"

त्या रविवारी मला नेमकं हेच डाचत होतं. गाड्यांची मला काळजी नव्हती. त्या मोलाच्या आहेत, कुणी भंगारात घालणार नाही. एखादी लिलावात जाईल, एखादी दुसऱ्या संग्रहालयात, एखादी कुणा धनिकाच्या तळघरात, आणि एखादी पुन्हा रस्त्यावर येऊन गर्जेलसुद्धा. त्यात वाईट काहीच नाही. जाणार आहे तो त्यांचा शेजार. समितीला कंटाळून बाहेर पडलेल्या माणसाची हिरवी गाडी, त्याला कंटाळा आणणारी ती सोळा सिलिंडरांची गाडी, तिच्या गैरहजेरीनं राजा झालेली लाल गाडी. या तिघी एकत्र असल्या की एकमेकींबद्दल बोलतात. वेगळ्या केल्या की प्रत्येकीपुढे एक फलक राहतो, त्यावर वर्ष आणि अश्वशक्ती. 'का' हा शब्द त्या फलकावर मावत नाही.

वाटणीत भांडी सगळी मिळतात. तांब्या थोरल्याकडे, परात धाकट्याकडे, पाटा लेकीकडे. एकही वस्तू हरवत नाही. तरी ज्या स्वयंपाकघरात ती एकमेकांना लागून वाजायची ते कुणाच्याच वाट्याला येत नाही. हे मी कोल्हापुरात पाहिलं होतं. अण्णांचा लेथ इचलकरंजीच्या एका माणसानं घेतला, चांगला वापरला. भट्टीची भांडी कुणी नेली, ड्रिल कुणी. सगळं चालू आहे, कुठं ना कुठं. पण निळा ठिपका बघणाऱ्या डोळ्यांपासून स्क्रेपर धरलेल्या हातापर्यंत आणि तिथून दारात ताटकळणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत जी एक ओळ होती, ती आता कुठल्याही एका जागी उभी राहून दाखवता येत नाही.

निघायची वेळ झाली. मी बीआरएमपाशी परत गेलो आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, अण्णा बसले होते तसा उकिडवा बसलो. तिथून गाडी वेगळीच दिसते. उभ्या माणसाला झाकण दिसतं, बसलेल्याला जोड दिसतात. नळ्या कुठून निघाल्या, कुठं गेल्या, कोण कुणाला टेकलं आहे. गाडीखाली तेलाचा थेंब झेलायला ठेवलेला पत्र्याचा ट्रे होता. त्यात पैशाएवढा एक काळा डाग होता, अजून ओलसर. अण्णांनी तो पाहिला असता तर म्हणाले असते, अजून जीव हाय.

बाहेर आलो तेव्हा काळोख पडू लागला होता. दुसऱ्या दिवशीच्या बॉनफायर नाइटचे फटाके आदल्या संध्याकाळीच सुरू झाले होते. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर जाऊन मी झेंडूची फुलं घेतली. तिथं दिवाळीच्या रोषणाईत सगळा रस्ता न्हाऊन निघाला होता. गाडीत बसल्यावर आठवलं, की त्याच वर्षी आमच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत धावत होता. रॉजर ज्या पायरीवरून वर गेला त्याच पायरीवर. अण्णा असते तर त्या पोराची प्रत्येक शर्यत त्यांना फोनवर सांगावी लागली असती.

धनत्रयोदशीला घरी पूजा मांडली. आमच्याकडे त्या दिवशी धण्यांबरोबर मी अण्णांचा स्क्रेपर ठेवतो. दुकानातून मी स्वतःसाठी आणलेली तेवढी एकच वस्तू. जुन्या तिकोनी कानशीचे दाते घासून, टोकाला धार काढून तो त्यांनी स्वतः केला होता. मूठ लिंबाची, हाताच्या घामानं काळी झालेली. दर वर्षी मी त्याला हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात ठेवून देतो. आमच्या मुलीनं, ती तेव्हा तेरा वर्षांची होती, आजवर त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. तिच्या लेखी ती देवाजवळची आजोबांची वस्तू. मीही कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी झेंडू ठेवून झाल्यावर मी तिला जवळ बसवलं आणि स्क्रेपर तिच्या हातात दिला. तिनं धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "बाबा, याचं काय करायचे आजोबा?"

नुसतं "बेरिंग खरवडायचे" म्हणून चाललं असतं. मी उठलो, तिच्या रंगपेटीतली निळी ट्यूब आणली, स्वयंपाकघरातलं लाटणं आणि एक वाटी आणली. लाटण्याला निळा रंग पुसटसा लावला. "आधी तुला एक गोष्ट सांगतो," मी म्हणालो. "एक गाडी होती. सोळा सिलिंडरांची. शर्यतीला उभी राहिली आणि जागची हललीच नाही."

ती मांडी घालून बसली.